जीडीबीमधील संवादी प्रॉम्प्ट आणि ग्राफिकल फ्रंट एंड

संवादी प्रॉम्प्ट म्हणजे एखादा प्रोग्राम आपले काम मध्येच थांबवून वापरकर्त्याला विचारतो तो प्रश्न, किंवा पुढील ओळ टंकित करावी म्हणून दाखवतो ती खूण. डीबगर हे साधन मुळात टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी घडवलेले असल्याने त्यात असे प्रॉम्प्ट विपुल आढळतात. परंतु डीबगर जेव्हा पडद्यामागे चालतो आणि त्याच्याशी बोलणारा माणूस नसून ग्राफिकल फ्रंट एंड असतो, तेव्हा हा प्रश्न कोणी वाचावा आणि त्याचे उत्तर कोणी द्यावे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरलेले नसेल तर फ्रंट एंड गोठतो, वापरकर्त्याची पुढची आज्ञा प्रश्नाचे उत्तर म्हणून गिळली जाते, किंवा कोणालाही न विचारता परस्पर उत्तर दिले जाऊन परिणाम मात्र वापरकर्त्याच्या पदरी पडतो. प्रस्तुत लेखात या समस्येचे स्वरूप व तिच्यावरील उपाय मुख्यतः जीडीबी अर्थात ग्नू डीबगर याच्या संदर्भात दिले आहेत.

पार्श्वभूमी

जीडीबी हा ग्नू प्रकल्पाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये प्रथम लिहिला. तो आज्ञा-ओळीवर चालतो. कंसात स्वतःचे नाव छापून तो आज्ञेची वाट पाहतो, आज्ञा मिळाली की ती पार पाडतो, उत्तर छापतो आणि पुन्हा तीच खूण दाखवतो. पुढे एक्सएक्सजीडीबी, डीडीडी, इनसाइट, केडीबग, एक्लिप्स सीडीटी, क्यूटी क्रिएटर असे अनेक फ्रंट एंड निर्माण झाले. यांतील बहुतेक फ्रंट एंड स्वतः डीबगिंग करत नाहीत. ते जीडीबीला स्वतंत्र प्रोसेस म्हणून सुरू करतात, बटण दाबले की त्याला योग्य ती आज्ञा पाठवतात आणि त्याने छापलेला मजकूर वाचून पडद्यावरील बाण, खुणा व तक्ते अद्ययावत करतात.

या रचनेचा फायदा उघड आहे. डीबगरचे अवघड काम एकदाच केले जाते आणि त्यावर हवे तितके देखणे मुखवटे चढवता येतात. तोटा असा की, माणसासाठी लिहिलेला मजकूर आता यंत्राला समजून घ्यावा लागतो. माणसाला प्रश्नचिन्ह दिसले की आपल्याला काही विचारले आहे हे उमगते. पाइपच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रोग्रामच्या दृष्टीने मात्र प्रश्न, उत्तर आणि तक्रार हे तिन्ही केवळ अक्षरांचे प्रवाह असतात. त्यातही प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ छापली जात नाही. त्यामुळे एकेक पूर्ण ओळ वाचणारा फ्रंट एंड प्रश्न हाती लागण्यापूर्वीच अडकून बसतो.

प्रॉम्प्टचे प्रकार

मुख्य प्रॉम्प्ट सर्वांत सोपा; तो दिसला की आधीची आज्ञा संपली असे समजायचे.

दुसरा प्रकार पुष्टिप्रश्नांचा. धोक्याची किंवा परत न फिरवता येणारी कृती करण्यापूर्वी जीडीबी वापरकर्त्याला विचारून घेतो. सर्व ब्रेकपॉइंट काढून टाकायचे का, चालू असलेला प्रोग्राम मारायचा का, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा का, डीबगिंग चालू असतानाही बाहेर पडायचे का, हे त्यांतले नेहमी भेटणारे प्रश्न. मूळ प्रश्न इंग्रजीत असतात आणि त्यांच्या शेवटी कंसात ‘वाय ऑर एन’ असे पर्याय छापलेले असतात. अशा प्रश्नांचे दोन पोटप्रकार आहेत. एकात कोणतेच उत्तर गृहीत नसते. नुसते एंटर दाबल्यास जीडीबी ‘वाय किंवा एन असे उत्तर द्या’ असे बजावून प्रश्न पुन्हा विचारतो. दुसऱ्यात एक पर्याय चौकटी कंसात असतो आणि एंटर दाबताच तोच स्वीकारला जातो. हा भेद टर्मिनलवर किरकोळ वाटतो, परंतु स्वयंचलित उत्तरांच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो.

तिसरा प्रकार पृष्ठविरामाचा. उत्तर पडद्याच्या उंचीपेक्षा लांब असेल तर जीडीबी मधेच थांबून पुढे जाण्यासाठी एंटर, सोडून देण्यासाठी ‘क्यू’, आणि नव्या आवृत्त्यांत न थांबता सर्व पाहण्यासाठी ‘सी’ दाबण्यास सांगतो. चौथा प्रकार दुय्यम प्रॉम्प्टचा. ब्रेकपॉइंटला जोडायच्या आज्ञा किंवा वापरकर्त्याने स्वतः रचलेली आज्ञा लिहून घेताना जीडीबी ‘>’ हे चिन्ह दाखवत राहतो आणि ‘एंड’ असे लिहिलेली ओळ येईपर्यंत मुख्य प्रॉम्प्टकडे परतत नाही. एकाच नावाची अनेक फंक्शन असताना क्रमांकांची यादी दाखवून त्यातून निवड करायला सांगणारा मेनू हाही याच जातीचा.

यांखेरीज ज्या प्रोग्रामचे डीबगिंग चालू आहे त्याचे स्वतःचे प्रश्न असतात. ते जीडीबीचे नव्हेत, पण अनेकदा त्याच प्रवाहातून येतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

अडचण कशी उद्भवते

समजा, एका साध्या फ्रंट एंडने असा नियम ठेवला आहे की, आज्ञा पाठवायची आणि मुख्य प्रॉम्प्ट दिसेपर्यंत वाट पाहायची. वापरकर्ता ‘सर्व ब्रेकपॉइंट काढा’ हे बटण दाबतो. जीडीबी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो. फ्रंट एंड प्रॉम्प्टची वाट पाहतो. दोघेही नियमाप्रमाणे वागत आहेत आणि दोघेही कायमचे थांबले आहेत. वापरकर्त्याला दिसते ते केवळ गोठलेले पटल.

गोठणे ही खरे तर या समस्येची सौम्य बाजू होय; निदान काहीतरी बिघडले आहे हे तरी कळते. फ्रंट एंड प्रॉम्प्टची वाट न पाहता पुढची आज्ञा पाठवणारा असेल, तर ती आज्ञाच प्रश्नाचे उत्तर ठरते. पुष्टिप्रश्नाच्या उत्तरात जीडीबी फक्त पहिले अक्षर पाहतो. म्हणून एक पाऊल पुढे जाण्यासाठी पाठवलेली ‘नेक्स्ट’ ही आज्ञा ‘एन’ने सुरू होत असल्यामुळे ‘नाही’ असे उत्तर म्हणून स्वीकारली जाते. प्रश्नात विचारलेली कृती रद्द होते, पाऊलही पुढे पडत नाही, आणि फ्रंट एंडच्या हिशेबी मात्र दोन्ही आज्ञा पाठवून झालेल्या असतात. पृष्ठविरामाच्या वेळी ‘कंटिन्यू’ पाठवली तर तिच्यातील पहिल्या ‘सी’चा अर्थ ‘न थांबता सर्व दाखव’ असा घेतला जातो. उर्वरित मजकूर पडद्यावर येतो, प्रोग्राम मात्र जागचा हलत नाही. येथपासून पाठवलेल्या आज्ञा व आलेली उत्तरे यांची सांगड एका पायरीने चुकते आणि चुकतच राहते.

तिसरी शक्यता फ्रंट एंड कोसळण्याची. प्रश्न विचारलेला असताना इनपुटचा प्रवाहच बंद झाला, तर उत्तर येण्याची आशा नसते. अशा वेळी जीडीबी गृहीत उत्तर धरून चालतो आणि तसे छापतो. ज्या प्रश्नांना स्पष्ट गृहीत उत्तर नसते त्यांच्याबाबत हे उत्तर ‘होय’ असते.

मजकूर ओळखण्याची पद्धत

आरंभीच्या फ्रंट एंडांपुढे एकच मार्ग होता: डीबगरने छापलेल्या मजकुराचे शेपूट तपासत राहणे. ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात १९९० च्या दशकात डोरोथेआ ल्युटकेहाउस व आंद्रेआस त्सेलर यांनी विकसित केलेला डीडीडी अर्थात डेटा डिस्प्ले डीबगर हे याचे उत्तम उदाहरण. तो जीडीबीखेरीज डीबीएक्स, जेडीबी यांसारख्या अन्य डीबगरांशीही बोलत असे. त्यामुळे एका विशिष्ट डीबगरच्या सोयींवर विसंबणे त्याला शक्य नव्हते. आलेला मजकूर मुख्य प्रॉम्प्टने संपतो की ‘वाय ऑर एन’ने, हे तो पाहतो. दुसरे आढळल्यास तोच प्रश्न होय व नाही अशा दोन बटणांच्या चौकटीत दाखवतो आणि वापरकर्त्याने निवडलेले उत्तर जीडीबीकडे पाठवतो. या पद्धतीत निर्णय माणसाच्याच हाती राहतो, हा तिचा गुण आजही दुर्लक्षिण्यासारखा नाही.

जीडीबीची स्वतःची चाचणी-व्यवस्थाही याच तत्त्वावर चालते. ती डेजाग्नू या चौकटीवर आणि त्याखालील एक्स्पेक्ट या साधनावर आधारलेली आहे. डॉन लिब्स यांचे एक्स्पेक्ट हे साधन ‘असा मजकूर दिसला तर असे उत्तर दे’ अशा नियमांनी संवादी प्रोग्राम चालवते. चाचणी लिहिणारा आज्ञेसोबत अपेक्षित प्रश्न व त्याचे उत्तरही देऊन ठेवतो. चाचणीत पुढे काय विचारले जाणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून तेथे ही पद्धत चांगली चालते.

फ्रंट एंडला ते ठाऊक नसते. डीबग होणाऱ्या प्रोग्रामने योगायोगाने कंसात ‘जीडीबी’ असे छापले, किंवा त्यानेच ‘वाय ऑर एन’ असा प्रश्न विचारला, तर ओळख चुकते. पाइपमधून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रश्नाचा अर्धा भाग एका वाचनात आणि उरलेला पुढच्या वाचनात मिळू शकतो. एखाद्या आवृत्तीत प्रश्नाचे शब्द बदलले की नियमही बदलावे लागतात. पृष्ठविरामाचा संदेश अशा रीतीने खरोखरच बदललेला आहे.

ॲनोटेशन

मजकुरावरून तर्क करण्याऐवजी डीबगरनेच खुणा कराव्यात, या विचारातून जीडीबीत ॲनोटेशन आले. एका विशेष पर्यायाने ही सोय चालू केली की, महत्त्वाच्या ठिकाणी जीडीबी एका नव्या ओळीवर कंट्रोल-झेड हे नियंत्रण-अक्षर दोनदा छापून त्यापुढे खुणेचे नाव लिहितो. सामान्य मजकुरात हे अक्षर क्वचितच येत असल्यामुळे गल्लत होण्याचा संभव कमी होतो.

इनपुटच्या प्रत्येक प्रकाराला तीन खुणा असतात: प्रॉम्प्ट छापण्याच्या आरंभी एक, तो छापून संपल्यावर दुसरी, आणि उत्तर वाचून झाल्यावर तिसरी. प्रकारही स्वतंत्र नावांनी ओळखले जातात. मुख्य प्रॉम्प्ट, आज्ञांची यादी लिहून घेणे, एकाच नावाच्या फंक्शनांमधून निवड, पुष्टिप्रश्न आणि पृष्ठविराम असे ते पाच प्रकार होत. आपल्याला आता नेमके काय विचारले जात आहे हे फ्रंट एंडला यामुळे निःसंदिग्धपणे कळते. उणीव पृष्ठविरामाच्या बाबतीत राहिली. खुणांच्या ओळींमुळे ओळींची मोजणी चुकते, म्हणून या प्रकारावर विसंबू नये आणि उंची शून्य करून पृष्ठविराम बंदच ठेवावा, असे जीडीबीची पुस्तिकाच सांगते.

ईमॅक्स या संपादकाने ही पद्धत दीर्घकाळ वापरली. पुढे ॲनोटेशनची जागा मशीन इंटरफेसने घेतली आणि ही सोय कालबाह्य ठरवण्यात आली. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ‘हा प्रश्न आहे’ असे फ्रंट एंडला औपचारिकपणे सांगण्याची सोय ॲनोटेशनमध्ये होती, ती तिच्या उत्तराधिकाऱ्यात नाही.

टर्मिनल नसताना दिलेली उत्तरे

आपले इनपुट टर्मिनलवरून येते की पाइपमधून, हे जीडीबी कार्यप्रणालीला विचारून घेतो. ते टर्मिनल नसेल, तर पलीकडे माणूस नाही असे तो समजतो. मग तो प्रश्न छापतो, परंतु थांबत नाही. गृहीत उत्तर स्वतःच देतो आणि ‘इनपुट टर्मिनलवरून नसल्यामुळे असे उत्तर दिले’ अशी नोंद चौकटी कंसात जोडतो. पाइपवरून वापरताना महत्त्वाचे संदेश हरवू नयेत, हा ही नोंद छापण्यामागील हेतू आहे.

येथे वर सांगितलेला पोटप्रकारांचा भेद पुढे येतो. ज्या प्रश्नात गृहीत पर्याय दिलेला आहे तेथे तो घेतला जातो. ज्यात दिलेला नाही तेथे ‘होय’ धरले जाते. परिणामी सर्व ब्रेकपॉइंट काढण्यासारखे, माणसाकडून स्पष्ट होकार मागणारे प्रश्न पाइपवर आपोआप होकाराने सुटतात. याचे समर्थन करता येते, कारण ज्याअर्थी फ्रंट एंडने आज्ञा पाठवली त्याअर्थी ती पार पाडावी अशीच त्याची इच्छा असणार. पण ही इच्छा वापरकर्त्याचीही आहे याची खातरजमा मग फ्रंट एंडनेच करायला हवी, आणि ती जबाबदारी अनेकदा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

नकारार्थी गृहीत उत्तराचे सर्वपरिचित उदाहरण प्रलंबित ब्रेकपॉइंटचे आहे. प्रोग्राम चालू झाल्यावर एखादी सामायिक लायब्ररी स्मृतीत चढणार आहे आणि वापरकर्त्याला तिच्यातील फंक्शनवर आधीच ब्रेकपॉइंट लावायचा आहे. जीडीबीला ते फंक्शन अद्याप ठाऊक नसते. तो सांगतो की असे फंक्शन सापडत नाही, आणि विचारतो की लायब्ररी पुढे चढेल तेव्हा लागू होईल असा ब्रेकपॉइंट ठेवायचा का. टर्मिनलवरील माणूस ‘वाय’ दाबून मोकळा होतो. पाइपवर मात्र गृहीत उत्तर ‘नाही’ हे असल्याने ब्रेकपॉइंट लागतच नाही. फ्रंट एंडच्या कन्सोलमधून साधी ब्रेकपॉइंटची आज्ञा दिली असेल, तर जीडीबी तिचा शेवट ‘पूर्ण झाले’ अशा नोंदीने करतो, कारण प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले आणि त्या उत्तरानुसार काही न करणे हेच योग्य होते. प्रोग्राम मग त्या फंक्शनमधून न थांबता निघून जातो, आणि नवखा विद्यार्थी ते फंक्शन चालतच नाही असा निष्कर्ष काढतो. ज्या दोषासाठी डीबगर उघडला तो दोष भलतीकडेच शोधला जातो. ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ ही आज्ञा आधी देऊन ठेवणे हा यावरील सरळ उपाय.

डीबगिंगची माहिती सर्व्हरवरून उतरवून घेणाऱ्या डीबगइन्फोडी या सेवेचा आधार जीडीबीच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीत आला. पुढे ही सेवा या सत्रापुरती चालू करायची का, असा प्रश्नही विचारला जाऊ लागला. त्याचेही गृहीत उत्तर ‘नाही’ असे आहे. म्हणून टर्मिनलवर दिसणारी सिस्टिम लायब्ररीतील फंक्शनांची माहिती त्याच संगणकावरील फ्रंट एंडमध्ये दिसत नाही, असा अनुभव येतो. आवडीनुसार हा पर्याय आरंभीच्या फाइलमध्ये कायमचा चालू किंवा बंद लिहून ठेवता येतो.

टर्मिनल ओळखण्यात जीडीबीची चूकही होऊ शकते. विंडोजसाठी तयार केलेला मिनजीडब्ल्यूचा जीडीबी सिगविनच्या खिडकीत चालवला, तर समोर माणूस बसलेला असूनही त्याला आपले इनपुट पाइपसारखे दिसते. अशा प्रसंगासाठी ‘सेट इंटरॲक्टिव्ह-मोड’ ही आज्ञा आहे. ‘ऑन’ केल्यास जीडीबी प्रश्न विचारून थांबतो, ‘ऑफ’ केल्यास गृहीत उत्तरे घेतो, आणि ‘ऑटो’ या मूळ स्थितीत स्वतः अंदाज बांधतो. उलट दिशेचा गोंधळ स्यूडो टर्मिनल वापरणाऱ्या फ्रंट एंडमध्ये होतो. व्यत्ययाचा संकेत नीट पोहोचावा, मजकूर साचून न राहता लगेच मिळावा, अशा रास्त कारणांसाठी काही फ्रंट एंड पाइपऐवजी स्यूडो टर्मिनल घेतात. जीडीबीला ते खरेच टर्मिनल वाटते आणि तो प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो. एकच फ्रंट एंड एका कार्यप्रणालीवर गोठतो आणि दुसरीवर मुकाट्याने उत्तरे देतो, यामागे बहुधा हेच कारण असते.

मशीन इंटरफेस

जीडीबीचा मशीन इंटरफेस हा फ्रंट एंडसाठीच आखलेला ओळबद्ध मजकुराचा करार आहे. जीडीबी सुरू करताना इंटरप्रिटरचा पर्याय देऊन तो निवडतात. यातील आज्ञा वजाचिन्हाने सुरू होतात आणि त्यांच्या आधी फ्रंट एंड एक क्रमांक जोडू शकतो. निकालाच्या नोंदीवर तोच क्रमांक परत येत असल्यामुळे कोणत्या आज्ञेचे उत्तर कोणते, ही सांगड सुटत नाही. निकाल, प्रोग्राम थांबल्याची सूचना, कन्सोलवरचा मजकूर आणि जीडीबीचे स्वतःचे संदेश यांच्या ओळी पहिल्या चिन्हावरूनच वेगळ्या ओळखता येतात.

या करारात प्रश्नाची नोंद नाही. विचारण्याजोगे सर्व काही आज्ञेतच आधी सांगितले जावे, अशी त्यामागील भूमिका आहे. ब्रेकपॉइंट लावण्याच्या आज्ञेला ‘एफ’ हा पर्याय दिला, तर फंक्शन न सापडल्यास तो प्रलंबित ठेवला जातो; न दिल्यास स्पष्ट त्रुटी परत येते. मधला संदिग्ध मार्गच राहत नाही. ब्रेकपॉइंटला जोडायच्या आज्ञा दुय्यम प्रॉम्प्टवर एकेक न लिहिता एकाच आज्ञेत अवतरणचिन्हांत देता येतात. बाहेर पडण्याची आज्ञा काहीही न विचारता जीडीबी बंद करते.

परंतु बहुतेक फ्रंट एंड वापरकर्त्याला कन्सोलची चौकटही देतात आणि तेथे तो जुन्या, माणसांसाठीच्या आज्ञा टंकित करतो. त्या आज्ञांतून निघालेला प्रश्न कन्सोल-मजकुराच्या प्रवाहात, आपोआप दिलेल्या उत्तरासह, इतर ओळींसारखी एक ओळ म्हणून येतो. चांगला फ्रंट एंड निदान ती ओळ ठळकपणे दाखवतो.

प्रश्न टाळण्याचे मार्ग

अनेक फ्रंट एंड आरंभीच प्रश्न बंद करतात. ‘सेट कन्फर्म ऑफ’ ही आज्ञा पुष्टिप्रश्न थांबवते. ‘सेट पॅजिनेशन ऑफ’ किंवा उंची शून्य करणे पृष्ठविराम थांबवते. रुंदी शून्य केल्यास लांब ओळी मधेच तोडल्या जात नाहीत. फंक्शन-निवडीच्या मेनूसाठी ‘सेट मल्टिपल-सिम्बॉल्स’ ही आज्ञा असून तिच्या ‘ऑल’ या मूळ स्थितीत, जेथे शक्य असेल तेथे, सर्व पर्याय घेतले जातात. ‘बॅच’ या पर्यायाने जीडीबी सुरू केल्यास पुष्टिप्रश्न व पृष्ठविराम दोन्ही आपोआप बंद होतात.

येथे एक विवेक आवश्यक आहे. पृष्ठविराम बंद करण्यात काहीच गमावत नाही, कारण ग्राफिकल चौकटीला स्वतःची सरकपट्टी असते. पुष्टिप्रश्न सरसकट बंद करणे मात्र वेगळे. फ्रंट एंडने आपल्या बटणांमागे स्वतःची पुष्टी ठेवली असेल तर जीडीबीचा प्रश्न खरोखरच पुनरुक्ती ठरतो. ती ठेवलेली नसेल, तर तासन्‌तास चालवून नेमक्या बिघाडाच्या क्षणी पकडलेली प्रोसेस एका चुकीच्या क्लिकने नाहीशी होऊ शकते. बाहेर पडताना जीडीबी स्वतः सुरू केलेली प्रोसेस मारून टाकतो आणि आधीपासून चालू असलेली, नंतर जोडून घेतलेली प्रोसेस सोडून देतो. यांपैकी काय होणार हे त्याच्या मूळ प्रश्नातच लिहिलेले असते. प्रश्न बंद केला की ही माहितीही दिसेनाशी होते.

सरसकट बंदीऐवजी एकेका आज्ञेपुरता उपायही आहे. आज्ञेपूर्वी ‘सर्व्हर’ हा शब्द जोडल्यास त्या आज्ञेपुरते पुष्टिप्रश्न विचारले जात नाहीत, आणि ती वापरकर्त्याच्या आज्ञा-इतिहासातही नोंदली जात नाही. फ्रंट एंडने स्वतःच्या गरजेसाठी पाठवलेल्या आज्ञा अशा रीतीने पाठवल्या, तर वापरकर्त्याने स्वतः टंकित केलेल्या आज्ञांची पुष्टी शाबूत राहते. वापरकर्त्याने रचलेल्या आज्ञांच्या आत आणि आज्ञा-फाइलमधून चालवलेल्या आज्ञांनाही जीडीबी पुष्टी मागत नाही. पायथॉनमधून आज्ञा चालवताना ती माणसाने दिल्याप्रमाणे समजावी की नाही, हे एका पर्यायाने सांगता येते. काही न सांगितल्यास ती माणसाची मानली जात नाही.

डीबग होणाऱ्या प्रोग्रामचे प्रॉम्प्ट

विशेष काही न सांगितल्यास डीबग होणारा प्रोग्राम जीडीबीचेच इनपुट व आउटपुट वापरतो. टर्मिनलवर हे सोयीचे असते, कारण प्रोग्राम चालू असताना टर्मिनल त्याच्या ताब्यात आणि थांबल्यावर जीडीबीच्या ताब्यात देण्याचे काम जीडीबी करतो. फ्रंट एंडच्या पाइपवर मात्र प्रोग्रामचा मजकूर मशीन इंटरफेसच्या नोंदींमध्ये मिसळतो. त्याहून वाईट म्हणजे, संख्या वाचण्यासाठी थांबलेला प्रोग्राम फ्रंट एंडने जीडीबीसाठी पाठवलेली आज्ञाच वाचून टाकू शकतो. मशीन इंटरफेसमध्ये प्रोग्रामच्या आउटपुटसाठी वेगळे चिन्ह राखून ठेवलेले आहे, पण ते व्यवहारात दूरस्थ लक्ष्यांपुरतेच उपयोगी पडते.

म्हणून प्रोग्रामसाठी वेगळे टर्मिनल देणे हाच खात्रीचा उपाय मानला जातो. युनिक्सवंशीय प्रणालींवर ‘सेट इन्फीरिअर-टीटीवाय’ ही आज्ञा किंवा तिचे मशीन इंटरफेसमधील रूप यासाठी आहे. विंडोजवर ‘सेट न्यू-कन्सोल ऑन’ केल्यास प्रोग्राम स्वतंत्र कन्सोल खिडकीत उघडतो. डीडीडीतही प्रोग्राम वेगळ्या खिडकीत चालवण्याची सोय आहे.

सी शिकणाऱ्यांना हमखास भेटणारा एक अनुभव याच विषयाशी निगडित आहे. ‘संख्या द्या’ असे छापून इनपुट घेणारा प्रोग्राम टर्मिनलवर नीट चालतो, पण फ्रंट एंडमध्ये पटल कोरेच राहते आणि प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो इनपुटची वाट पाहत असतो. आउटपुट टर्मिनलकडे जात नसेल तर सीची प्रमाण लायब्ररी मजकूर साठवून ठेवते आणि साठा भरल्यावर किंवा प्रोग्राम संपताना एकदम बाहेर टाकते. त्यामुळे प्रश्न विचारला गेलेला असतो, फक्त दिसलेला नसतो. प्रश्न छापल्यानंतर ‘एफफ्लश’ हे फंक्शन वापरणे किंवा प्रोग्रामला स्यूडो टर्मिनल देणे, यांपैकी कोणताही उपाय चालतो.

दोन वाटांची रचना

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७.१२ या आवृत्तीत जीडीबीने ‘न्यू-यूआय’ ही आज्ञा आणली. तिच्यामुळे एकाच जीडीबीशी दोन वेगळ्या टर्मिनलांवरून, दोन वेगळ्या भाषांत बोलता येते. फ्रंट एंड जीडीबीला खऱ्या टर्मिनल-चौकटीत नेहमीच्या रूपात सुरू करतो आणि दुसऱ्या स्यूडो टर्मिनलवर मशीन इंटरफेस उघडतो. पहिल्या वाटेवर माणूस बोलतो, दुसऱ्या वाटेवर यंत्र. एक्लिप्स सीडीटीचे पूर्ण जीडीबी कन्सोल या सोयीवर उभे आहे. व्हिम संपादकासोबत येणारे टर्मडीबग हेही असेच चालते; आरंभीच ते पृष्ठविराम बंद करते.

या रचनेत प्रश्नांचा निवाडाही स्वच्छ होतो. जीडीबी पुष्टिप्रश्न केवळ मुख्य वाटेवर विचारून थांबतो. दुय्यम वाटेवरून आलेल्या आज्ञेतून प्रश्न उद्भवला, तर ती वाट टर्मिनल असली तरी गृहीत उत्तर घेतले जाते. म्हणून कोणती वाट मुख्य ठेवायची याला महत्त्व आहे. मशीन इंटरफेस मुख्य आणि माणसाचे कन्सोल दुय्यम अशी उलटी मांडणी केल्यास माणसाला प्रश्न दिसतात, पण उत्तर देण्याची संधी मिळत नाही.

अन्य डीबगर

एलएलव्हीएम प्रकल्पातील एलएलडीबी आरंभापासूनच लायब्ररी म्हणून रचलेला आहे. एक्सकोडसारखा फ्रंट एंड मजकूर पाठवून उत्तर वाचण्याऐवजी थेट फंक्शन बोलावतो. ब्रेकपॉइंट काढण्याच्या फंक्शनला कोणाला काही विचारण्याचे कारणच नसते. पुष्टिप्रश्न फक्त आज्ञा-ओळीच्या थरात आहेत आणि ‘ऑटो-कन्फर्म’ या सेटिंगने तेही बंद करता येतात.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोडसाठी आखलेल्या डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये जेसन स्वरूपातील संदेशांची देवाणघेवाण होते. प्रत्येक संदेशाची लांबी आधी सांगितली जात असल्याने प्रॉम्प्ट ओळखण्याचा प्रश्न उरत नाही. डीबगरच्या बाजूने संपादकाकडे विनंती करण्याची सोय यात आहे. तिचा उपयोग डीबग होणाऱ्या प्रोग्रामसाठी टर्मिनल उघडून घेण्याकरिता होतो. जीडीबीने डिसेंबर २०२३ मधील चौदाव्या आवृत्तीपासून हा प्रोटोकॉल स्वतःच बोलण्यास आरंभ केला आहे.